पहिल्या पानावरची फुली

माझ्या पुस्तकाचं पहिलं पान खोटं आहे. हे मीच आधी सांगते, म्हणजे मला पकडल्याचा आनंद कुणाला मिळायला नको.

मी खतिजा शिकलगार. दहावीला इंग्रजीत सात मार्कांनी नापास. शिरोली एमआयडीसीत सम्मेद चौगुलेंच्या फाउंड्रीत बावीस वर्षं आहे. आधी कोअर शॉपला, मालात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात ते वाळूचे गाभे केले, आता तपासणीला. साच्यातून निघालेला माल फेटलिंगला जातो, म्हणजे त्याचे कंगोरे, चिकटलेली वाळू, जादाचं लोखंड ग्राइंडरनं घासून काढतात. मग तो माझ्यासमोर येतो. मी हात फिरवते. आत हवा अडकून भोक पडलेलं असेल, त्याला आम्ही ब्लोहोल म्हणतो, तर तिथं लाल रंगाची फुली मारते. फुली पडलेला नग हातोड्यानं फोडायचा आणि परत भट्टीत टाकायचा. माझी फुली आजवर मालकानंसुद्धा पुसलेली नाही.

आणि गेली अकरा वर्षं मी पृथ्वीराज सरनोबतांच्या साप्ताहिकात इंग्रजी शब्दांच्या मुळांवर सदर लिहिते. पहिल्या वर्षी लोक हसले. एका कॉलेजच्या सरांनी पत्र धाडलं की भाषाशास्त्राचा पाया नसताना असलं लिहिणं धोक्याचं आहे. मी उत्तर छापलं. सर, तुम्ही फेरूल कधी हातात धरलीय का? कानशीची लाकडी मूठ फाटू नये म्हणून तिच्या तोंडाला जी लोखंडी कडी बसवतात, ती फेरूल. लॅटिनमध्ये खोदत गेलं की तिच्या मुळाशी बांगडी निघते. आमच्या कारखान्यातली प्रत्येक कानस बांगडी घालून बसली आहे, आणि पाया असून तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. सरांचं दुसरं पत्र आलं नाही.

असे शब्द मी शेकड्यांनी खणले. साच्याच्या वरच्या पेटीला कोप म्हणतात. कोप म्हणजे मुळात अंगावरचा झगा, पांघरूण. वाळूचा गाभा साच्यात हलू नये म्हणून खाली जो लोखंडी बुटका टेकू देतात त्याला चॅपलेट म्हणतात, आणि तो शब्द डोक्यावरच्या फुलांच्या वेढ्यातून आला. झगा आणि वेढा, दोघांची आजी एकच, डोकं झाकायचं एक लॅटिन कापड. साहेब लोक हे शब्द ड्रॉइंगवर लिहितात आणि आम्ही दिवसभर तोंडानं बोलतो, पण शब्द कुठून आला हे कुणी विचारत नाही. मी विचारलं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच जमातीवर. जगातला प्रत्येक इंग्रजी शब्द आमच्याकडूनच चोरला असं छाती फुगवून पाठवणारे. त्यांचे मेसेज मी सदरात एकेक करून सोलले. पुरावा कुठाय? साल कुठलं? कुणी, कुठं, पहिल्यांदा लिहिला? कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतली पोरं मला फोन करून विचारायची, “आक्का, आज कुणाची काढली?”

आणि या बाईच्या पहिल्याच लेखाचं नाव होतं, ‘फेटलिंग : कोल्हापूरच्या फेट्याची जगाला भेट’.

तो लेख कसा झाला तेही सांगते. तेव्हा माझ्याकडे एकच डिक्शनरी होती, सम्मेदअण्णांच्या वडिलांची. अण्णांनीच ती मला दिली होती. “कपाटात वाळवी खात्या, त्यापरीस तुम्ही खावा,” म्हणाले होते. वाळवीनं त्याआधीच ‘एफ’मधली पानं खाल्ली होती. फेटलिंग त्या भोकात गेलं. पण अण्णांच्या केबिनमध्ये एक जुना फोटो टांगलेला आहे. पहिली भट्टी पेटली त्या दिवसाचा. ओतलेल्या मालाच्या ढिगाजवळ नऊ कामगार उभे, नऊच्या नऊ डोक्यांवर फेटे. मी फोटो बघितला, शब्द ऐकला, आणि दोन्हीची गाठ मारली. इंग्रज साहेब आला, त्यानं फेटेवाले कामगार घासताना बघितले, त्या कामाला त्यानं नाव दिलं. छापून आलं. वाहवा झाली. पुढं माझ्या हातात नेटचा फोन आला, मी लोकांचे शेकडो शब्द तपासले. हा एक तपासला नाही. मी लिहिलेला होता ना!

यंदा अण्णांनी ठरवलं की सदराचं पुस्तक काढायचं. फाउंड्रीच्या आवारात नव्या पोरांना काम शिकवायला त्यांनी एक हॉल बांधला होता. हॉलचं उद्घाटन आणि पुस्तकाचं प्रकाशन रविवारी एकाच मांडवात. सोमवारी पृथ्वीराजच्या छापखान्यातून पाचशे प्रती आल्या. मी एक प्रत घेऊन तडक फेटलिंगला गेले, धोंडुमावशीकडं.

धोंडुबाई माळी. एकोणीस वर्षं हातात ग्राइंडर. तिनं घासलेला नग डोळे मिटून पास करावा. तिला वाचता येत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी तिला पहिला लेख मोठ्यानं वाचून दाखवला. ती भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिली.

“कसा हाय?” मी विचारलं.

“चांगला हाय की,” ती म्हणाली. “पर खतिजा, फेटा बांधून घासत कोण हुतं गं?”

“त्यो फोटो न्हाय का केबिनीतला? नऊ माणसं हाईत.”

“त्यातला डावीकडचा तिसरा माझा सासरा. फेटा फोटूपुरता बांधला हुता, मुहूर्त म्हणून. त्यो पण सगळ्यांचा मालकानं आणलेला, फोटू झाल्यावर माघारी घेतला. सासरा मरस्तवर सांगायचा, आयुष्यात एकदाच फेटा बांधला त्यो पण काढून घेतला.” ती हसली. “आणि ग्राइंडरच्या ठिणग्या बघतीस न्हवं? घासताना डोक्याला धा-बारा हात मोकळं कापड गुंडाळलं तर मानूस पेटंल की. त्यो वल्लं फडकं बांधायचा.”

बावीस वर्षं मी त्या ठिणग्यांपासून वीस फुटांवर बसते.

मी तिथंच फोन काढला. फोनवर जे दिसलं ते मला आवडलं नाही. फोनवर भरवसा ठेवायचा नाही हा माझाच नियम, म्हणून गुरुवारी रजा टाकून विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. खरं बोलायचं तर फोन खोटा ठरावा म्हणून गेले. तिथं मोठी डिक्शनरी आहे, अनेक खंडांची. प्रत्येक शब्द पहिल्यांदा कधी लिहिला गेला ते साल त्यात असतं. खंड काढून देणाऱ्या बाईंनी विचारलं, “मॅडम, पीएचडी करताय?”

“न्हाय,” मी म्हटलं. “चूक शोधाय आलो.” आमच्याकडं बायका ‘मी आलो’च म्हणतात. पुण्यात हसतात. हसू देत.

चूक सापडली. फेटल हा शब्द इंग्लंडात सहाशे वर्षांहून जुना. कोल्हापूर कुठल्या दिशेला आहे हे इंग्रजाला कळायच्या कितीतरी आधी तो त्यांच्या तोंडात होता. तयार करणं, ठाकठीक करणं, असा त्याचा अर्थ. आणि त्याच्याही खाली, जुन्या इंग्रजीत, बहुधा एक आणखी जुना शब्द आहे. त्याचा अर्थ कमरेचा पट्टा. कामाला भिडण्याआधी माणूस कंबर कसतो, ते कसणं. मी ती नोंद तीनदा वाचली. ‘बहुधा’ हा शब्दही वहीत उतरवला. मग खंड मिटला आणि बाईंना परत दिला.

शुक्रवारी सकाळी अण्णांच्या केबिनमध्ये गेले. अण्णा खुशीत होते. उठून मला हॉलपाशीच घेऊन गेले. दाराशेजारी, बाहेरच्या भिंतीत काळा ग्रॅनाइटचा दगड बसवला होता, वर सोनेरी अक्षरं. ‘फेटलिंग : कोल्हापूरच्या फेट्याची जगाला भेट.’ खाली माझं नाव, संशोधक म्हणून.

“तुम्हाला सांगणार न्हवतो. रविवारी पडदा वढल्यावरच बघायचा हुता,” अण्णा म्हणाले. “आणि ह्ये बघा.” त्यांनी मोबाइल पुढं केला. कुणीतरी पाठवलेला मेसेज, खाली झेंडे आणि हात जोडलेले. इंग्रजांनी कोल्हापूरचा फेटा कसा चोरला, त्याची गोष्ट. वाक्यं माझी होती. नाव गळलं होतं. अकरा वर्षं ज्या जमातीला मी सोलत होते, तिचा एक मेसेज माझ्याच पोटचा निघाला.

“अण्णा, हे खोटं हाय,” मी म्हटलं. “मीच लिवलंय, पण खोटं हाय.” आणि सगळं सांगितलं. फोटो, सासरा, ठिणग्या, सहाशे वर्षं.

अण्णा ऐकत ऐकत दगडाकडं बघत राहिले. “कुठल्या पुस्तकात हाय म्हणायचं हे?”

“इंग्लंडच्या.”

“म्हंजे त्यांच्याच. त्यांचं पुस्तक त्यांचंच म्हणणार की, आक्का!”

“त्यांनी सालं दिल्यात. माझ्याकडं फोटो हाय, त्यो पण मुहूर्ताचा.”

“पर बिघडतंय काय कुणाचं? पोरं दगड वाचतील, छाती वर करून काम शिकतील. दुसऱ्याच्या शब्दावर आयुष्य काढण्यापरीस बरं न्हवं का?”

“अण्णा, आठवतंय का? त्या जुन्या सुपरवायजरनं चाळीस नगांच्या ब्लोहोलात पुट्टी भरली, वरनं रंग मारला आणि माल गाडीत चढवला. तुम्ही गाडी गेटवर थांबवलासा. चाळीसच्या चाळीस नग सगळ्यांम्होरं स्वतः हातोड्यानं फोडलासा. मी मोजलेत.”

अण्णांचा चेहरा आवळला. “माल येगळा. भाषण येगळं.” मग आवाज खाली आणला. “मी खोटं बोला म्हणत न्हाय. बाकीच्या शब्दांवर बोला, तुमच्याकडं पोत्यानं हाईत. ह्या एका शब्दावर फक्त गप बसा. एवढं माझ्यासाठी.”

खरी पंचाईत इथं होती. खोटं बोला म्हणाले असते तर मी जागेवर भांडले असते. गप बस म्हणणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? तेही मला पहिली डिक्शनरी देणाऱ्या.

संध्याकाळी पृथ्वीराजला गाठलं. त्यानं डोक्याला हात लावला. “आक्का, आता पान बदलता येत न्हाय. बांधणी झाली. आपण असं करू, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू.”

“पहिली पाचशे माणसं खोटं वाचून मरू देत म्हणतोस?”

“मरायला काय झालं त्यांना? एक शब्द तर हाय!”

एक शब्द. मी अकरा वर्षं एकेका शब्दासाठीच लोकांच्या अंगावर गेले होते. कुणी म्हणालं असतं की बाई, एक शब्द तर आहे, तर त्याचं मी काय केलं असतं ते पृथ्वीराजनंच आठवड्याच्या आठवड्याला छापलेलं आहे.

रविवारी मांडवात तीनशे माणसं होती. कारखानदार, त्यांच्या बायका, आयटीआयची पोरं, आमचे कामगार. व्यासपीठावर चढण्याआधी फेटेवाल्यानं एकेकाला पकडून डोकं आवळलं. आमच्याकडं फेट्याशिवाय उद्घाटन होत नाही, बाईलाही सुटका नाही. माझा भगवा होता, तुरा वीतभर. अण्णांच्या मागं हॉलच्या भिंतीत दगड, वर मखमली पडदा. अण्णांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. त्या बघण्यात विनंती होती, धमकी नव्हती. तिचा त्रास जास्त झाला.

प्रमुख पाहुण्यांनी पुस्तकाची रिबीन सोडली, फोटो निघाले, माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेले आणि पहिल्यांदा फेटा उतरवून टेबलावर ठेवला. फेटा उतरवणं म्हणजे काय, ते इथं कुणाला सांगावं लागत नाही.

“रागानं न्हाय उतरवला,” मी म्हटलं. “ह्याच्या जिवावर मी अकरा वर्षं मोठेपणा खाल्ला. डोक्यावर ठेवून खरं बोलायला जड जाईल, म्हणून काढला.”

मग बोलले. लेख मी लिहिला, तेव्हा मला मूळ माहीत नव्हतं. माहीत नाही असं लिहायला लाज वाटली, म्हणून मी ते बनवलं. फेटलिंगचा आणि फेट्याचा काडीचा संबंध नाही. व्हाट्सअॅपवर फिरतंय त्याची आई मी. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “म्हंजे शब्द आपला न्हाय?”

“न्हाय.”

“मग टाळ्या कशाला वाजवायच्या?”

“नका वाजवू. टाळ्या मागितल्या कुणी?”

थोडं हसू फुटलं. मी तिसऱ्या रांगेकडं बघितलं. “धोंडुमावशी, वर ये.”

“मी? मी काय करू?” ती खुर्चीतच आक्रसली.

“सकाळी ग्राइंडर उचलायच्या आधी काय करतीस, तेवढंच करून दाखव.”

ती वर आली. लाजत होती, पण उभी राहिल्यावर हात आपोआप चालले. पदर खांद्यावरून घेतला, कमरेभोवती एक फेरा दिला, ताणून डाव्या बाजूला खोचला. मग जवळ नसलेला चामडी अॅप्रन असल्यासारखा त्याचा पट्टा पाठीमागं आवळला आणि दोन पाय फाकवून उभी राहिली. एकोणीस वर्षांत किती हजार सकाळी तिनं हे केलं असेल.

“ह्ये फेटल,” मी म्हटलं. “सहाशे वर्षांमागं तिकडं कुणीतरी पट्टा आवळून असाच कामाला उभा राहिला, त्याचा शब्द झाला. बहुधा. ‘बहुधा’ पण ऐका, डिक्शनरीवाले तसंच म्हणतात. त्यो मानूस मावशीला वळखत न्हवता आणि मावशी त्याला वळखत न्हाय. शब्द त्याचा. उद्या सकाळी आठ वाजता खोचलेला पदर हिचा असंल.”

पाहुण्यांच्या हातात माझं पुस्तक होतं. मी ते मागून घेतलं. पर्समध्ये माझा कामावरचा लाल मार्कर होता. पहिलं पान उघडलं आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारली. पुस्तक पाहुण्यांना परत दिलं. त्यांना काय करावं कळेना, त्यांनी ते वाऱ्यावर वाळवायला धरलं.

टाळ्या वाजल्या, पण अर्ध्याच. पुढच्या दोन रांगा हात बांधून बसल्या होत्या. अण्णांनी पडदा ओढलाच नाही. हॉलचं उद्घाटन नारळ फोडून झालं, जेवणं झाली आणि जाताना ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कारखान्यात काहीजणांनी मला बघून फेटा काढल्याची नक्कल केली. मी म्हटलं, नीट करा, उजव्या हातानं काढला होता.

पुस्तकांचे गठ्ठे मी घरी आणले नाहीत. तपासणीच्या टेबलाजवळच ठेवले, आणि कामानंतर रोज तासभर बसून प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर फुली मारायची, खाली शाईनं खरं मूळ लिहायचं. सहा ओळी. मावशी शेजारी बसून पानं उघडून द्यायची. फुली मारल्याशिवाय एकही प्रत बाहेर जाणार नाही, असं पृथ्वीराजला कळवलं. तो फोनवर आधी शिव्या घालत होता, चौथ्या दिवशी म्हणाला, “आक्का, लोक फुलीवालीच प्रत मागाय लागल्यात. बिनफुलीची खरी न्हाय म्हणतात.”

अण्णा नवव्या दिवशी आले. पावणेसहाची वेळ, ग्राइंडर बंद झाले होते. माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. मावशी उठून जाऊ लागली तर म्हणाले, “बसा की मावशी. तुमच्या सासऱ्याचा फेटा आमच्या वडिलांनी माघारी घेतला हुता व्हय?”

“घेतला हुता,” मावशी म्हणाली. तिनं शब्द मऊ केला नाही.

अण्णांनी मान हलवली. मग मला म्हणाले, “दगड काढलाय. फोडणार हुतो. गवंडी म्हणाला, पाठीमागची बाजू कोरी हाय. तिच्यावर काय कोरू ते सांगा.”

“आत्ताच काय कोरू नका. मी आधी तपासतो.”

“किती दिवस लागतील?”

“लागतील तेवढे.”

त्यांनी गठ्ठ्यातलं एक पुस्तक उचललं. पहिल्या पानावरची फुली बघितली, तिच्यावरून अंगठा फिरवला, मी नगावरून फिरवते तसा. मग मधेच कुठंतरी उघडून वाचू लागले. साच्यात वितळलेलं लोखंड ज्या उभ्या भोकातून ओततात, त्या स्प्रूबद्दलचा लेख होता. दोनच ओळींचा. अण्णांनी तो मोठ्यानं वाचला. “‘स्प्रू या शब्दाचं मूळ कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही.’” त्यांनी वर बघितलं. “असं पण छापलंयसा?”

“व्हय.”

“बनवायचं की काहीतरी!” ते म्हणाले, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा हसले. “ह्ये पान बरं हाय, आक्का.”

पुस्तक बगलेत मारून ते गेले. मावशीनं पुढची प्रत उघडून माझ्यासमोर सरकवली. मी मार्करचं टोपण काढलं.